आठवण रूपात असते की धातूत? जळगावच्या सोन्यावरून एक संशोधन-प्रश्न



पेट पास झाल्यावर सगळ्यात पहिला धक्का बसतो तो सिनॉप्सिस लिहिताना. आपल्याकडे विषय असतो, प्रश्न नसतो. 'खान्देशातील पारंपरिक दागिने व पोशाख : एक चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक छान दिसतं, पण गाइडने विचारलं की "यात नेमकं शोधणार काय?" तर उत्तर येत नाही. मग आपण दागिन्यांची यादी करतो, फोटो लावतो, इतिहास लिहितो. त्यातून माहिती गोळा होते, पण प्रश्न नसल्यामुळे उत्तरही निघत नाही.

आजच्या लेखात एकच विषय घेऊन तो प्रश्नापर्यंत कसा न्यायचा ते पाहू. विषय आहे प्रवासातून आठवण म्हणून आणलेले हाताने घडवलेले दागिने आणि पारंपरिक कपडे. या विषयावर जगभर लिहिलं जातं तेव्हा उदाहरणं बहुतेक इटलीसारख्या देशांची असतात. आपण ती वाचू आणि मग जळगाव-धुळ्याकडे येऊ. आपल्या भागातलं सोनं या संशोधनाला एक अवघड प्रश्न विचारतं, असं माझं म्हणणं आहे.

१. आधीच्या लोकांनी काय सांगितलं आहे?

प्रवासातून आणलेल्या वस्तूंवरच्या अभ्यासात चार नावं तुम्हाला वारंवार भेटतील.

नेल्सन ग्रॅबर्न यांनी १९७६ मध्ये 'एथ्निक अँड टुरिस्ट आर्ट्स' हे पुस्तक संपादित केलं. एखादा समाज स्वतःसाठी जी वस्तू बनवतो आणि बाहेरच्यांना विकण्यासाठी जी बनवतो, त्यात फरक पडत जातो, हा त्यातला मुख्य धागा. वस्तू लहान होते, सोपी होते, बॅगेत मावेल अशी होते.

बेव्हर्ली गॉर्डन यांनी १९८६ च्या लेखात अशा वस्तूंचे पाच प्रकार केले : चित्र (पोस्टकार्ड वगैरे), त्या जागेचा खरा तुकडा (दगड, शिंपला), जागेचं छोटं प्रतीक (छोटा ताजमहाल), जागेचं नाव छापलेली वस्तू (टी-शर्ट, कप) आणि तिथलं स्थानिक उत्पादन (कापड, खाद्यपदार्थ, दागिने).

मेरी लिट्रेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकी पर्यटकांना विचारलं की हस्तकलेची वस्तू 'अस्सल' आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? उत्तरांमध्ये वेगळेपणा, कामाची सफाई, कारागीर आणि कच्चा माल, तिथल्या संस्कृतीशी नातं अशा गोष्टी आल्या.

चौथं नाव इगॉर कोपिटॉफ. १९८६ मध्ये अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' या पुस्तकात त्यांचा लेख आहे. ते म्हणतात, माणसाचं असतं तसं वस्तूचंही चरित्र लिहिता येतं. एकच वस्तू आयुष्यात कधी विकाऊ माल असते, तर कधी 'ही विकायची नाही' अशी एकमेव होते. हा विचार लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

२. इटलीची उदाहरणं काय शिकवतात?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातले श्रीमंत तरुण शिक्षणाचा भाग म्हणून इटलीचा लांबचा प्रवास करायचे. त्याला 'ग्रँड टूर' म्हणत. येताना ते कोरीव कॅमिओ, बारीक काचतुकड्यांचे मोझेक दागिने घेऊन येत. फोर्चुनातो पिओ कास्तेल्लानी यांनी १८१४ मध्ये रोममध्ये दागिन्यांचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्यांच्या मुलांनीही तो चालवला. या घराण्याने उत्खननात सापडणाऱ्या प्राचीन एट्रुस्कन दागिन्यांच्या धर्तीवर, सोन्याचे बारीक रवे जोडून नवे दागिने घडवले आणि रोमला येणाऱ्या प्रवाशांनी ते घेतले. आज कास्तेल्लानींचे दागिने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहेत. त्यांच्यात सोनं आहे, तरी ते कोणी वितळवले नाहीत. कारण लोकांनी पैसे मोजले ते रूपाला आणि नावाला.

नेपल्सजवळचं तोर्रे देल ग्रेको हे गाव पोवळ्याच्या कामासाठी आणि कॅमिओसाठी प्रसिद्ध आहे. १८०५ मध्ये तिथे राजाच्या परवानगीने पोवळ्याचा पहिला कारखाना निघाला. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाची काच तर सगळ्यांना माहीत असते. तिची नक्कल इतकी झाली की १९९४ मध्ये व्हेनेतो प्रांताने कायदा करून मुरानोच्या कलात्मक काचेसाठी स्वतंत्र चिन्ह आणलं.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. वस्तूची किंमत मुख्यतः हाताच्या कामाची, गावाच्या नावाची आणि गोष्टीची आहे. काचेला कच्चा माल म्हणून किंमत फारशी नाही. कॅमिओ फोडला तर शिंपल्याचा चुरा हातात येतो. त्यामुळे 'आठवण वस्तूच्या रूपात असते' हे गृहीतक इथे आपोआप खरं वाटतं. रूप गेलं की वस्तू गेली.

तुलना करायची तर दोन ठिकाणांत नातं असावं असा आग्रह गाइड धरतात. इथे ते आहे. सतराव्या-अठराव्या शतकात भूमध्य समुद्रातलं पोवळं इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातून गोव्याकडे यायचं आणि बदल्यात भारतातले हिरे तिकडे जायचे. फ्रान्चेस्का त्रिव्हेल्लातो या इतिहासकार बाईंनी २००९ च्या पुस्तकात लिव्होर्नोच्या ज्यू व्यापाऱ्यांच्या पत्रांवरून हा व्यापार उलगडला आहे. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेटीतली पोवळ्याची माळ आपण 'पारंपरिक' म्हणतो, पण तिचा मणी भूमध्य समुद्रातला असू शकतो. 'पारंपरिक' आणि 'स्थानिक' हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरू नका, हा यातून घ्यायचा पहिला धडा.

३. आता खान्देशात या

आपल्या भागात निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी माणसं 'आठवणीची वस्तू' घेतात. तिन्हींची जात वेगळी आहे.

पहिलं ठिकाण अजिंठ्याची वाट. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी रेल्वेने येणारे कितीतरी पर्यटक जळगावला उतरतात. तिथून लेणी साधारण ६० किलोमीटर. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावायची आणि पुढचे ४ किलोमीटर बसने जायचं. तिथल्या दुकानांत स्फटिक, रंगीत दगड, मण्यांच्या माळा मांडलेल्या असतात. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट गटातली खनिजं तयार होतात आणि खनिज गोळा करणाऱ्यांच्या जगात 'जळगाव' हे नाव अ‍ॅपोफिलाइट, स्टिलबाइट यांच्यासाठी ओळखलं जातं. गॉर्डन यांचा 'जागेचा खरा तुकडा' हा प्रकार इथे अक्षरशः लागू पडतो.

दुसरं ठिकाण सातपुड्याचा पायथा आणि तांडे. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदपत्रांत हा भाग धुळे म्हणूनच सापडेल. होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार, काठीची होळी, दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची यात्रा इथे भिल्ल, पावरा बायका चांदीचे दागिने घालून येतात. जळगाव जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर फेटिया, कांचळी, टुकरी हा पोशाख आणि त्यावरची आरसे-कवड्यांची भरतकामं आहेत. शहरातल्या ग्राहकांना हे सगळं 'ट्रायबल' नावाने आवडतं. जुनी कांचळी कापून तिच्या पिशव्या, उशांचे अभ्रे होतात. विकत घेणाऱ्यासाठी ती प्रवासाची आठवण. जिने ती महिनोन्‌महिने भरली तिच्यासाठी काय होती, हे पावतीवर येत नाही.

तिसरं ठिकाण जळगावचा सराफ बाजार. जळगावला 'सुवर्णनगरी' म्हणतात आणि इथल्या काही पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या आहेत. इथे फक्त गावातले लोक येत नाहीत. लग्नाचा बस्ता बांधायला दुसऱ्या जिल्ह्यांतून, मध्य प्रदेश-गुजरातच्या सीमेवरून कुटुंबं येतात. सुरतेला कामासाठी गेलेला खान्देशी माणूस आखाजीला किंवा कानबाईला गावी येतो, तेव्हा पैसे जमले असतील तर परत जाताना एक-दोन ग्रॅम घेऊन जातो. "जळगावचं सोनं आहे" हे वाक्य त्या डागासोबत जातं.

पहिली दोन ठिकाणं पर्यटनाच्या पुस्तकांत सहज बसतात. तिसरं बसत नाही, म्हणून संशोधनाच्या दृष्टीने ते सगळ्यात कामाचं आहे.

४. ते का बसत नाही?

जळगावहून नेलेल्या अंगठीवर जळगाव कुठेच दिसत नाही. तिच्यात अजिंठ्याचं चित्र नाही, केळीचं पान नाही. तशीच अंगठी नाशिकला मिळेल, पुण्याला मिळेल. गॉर्डन यांच्या पाच प्रकारांपैकी 'स्थानिक उत्पादन' जवळचं वाटतं, पण सोनं काही जळगावच्या मातीत पिकत नाही आणि घडवणारे हात कित्येकदा बंगालमधून आलेल्या कारागिरांचे असतात.

जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथे तर्क सरळ आहे : माती, हवामान, पद्धत यांनी चव घडते. सोन्याच्या शुद्धतेला असा भूगोल नसतो. २२ कॅरेट म्हणजे १००० भागांत ९१६ भाग सोनं, ते कुठेही तितकंच. मग 'जळगावचं' या शब्दात काय आहे? त्यात विश्वास आहे. शुद्धतेची सरकारी खूण नव्हती तेव्हा गावाचं नाव आणि पेढीचं नाव हीच खूण होती.

आता ती खूण सरकारने दिली आहे. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सहा अंक-अक्षरांची एचयूआयडी अनिवार्य झाली. इथे एक छान उपप्रश्न तयार होतो : शुद्धतेची हमी सगळीकडे सारखी झाल्यावर लोक लांबून जळगावला का येतात? भाव, व्हरायटी, सवय, की वडिलांनी इथूनच घेतलं होतं म्हणून? शेवटचं उत्तर आलं तर समजा की आठवण दागिन्यात नसून रस्त्यात आणि पेढीत आहे.

५. किमतीचे तीन भाग करा

विषय मोजता येईल असा करायचा तर किंमत फोडून बघा. कोणत्याही दागिन्याच्या किमतीत तीन भाग असतात : धातू, घडणावळ आणि उरलेला भाग, म्हणजे नाव, गोष्ट, जागा.

हिशोब सोपा जावा म्हणून गोल आकडे घेतो, आजचा भाव समजू नका. समजा १० ग्रॅमचा डाग आहे, भाव ग्रॅमला १०,००० रुपये आणि घडणावळ १० टक्के. धातू १ लाख, घडणावळ १० हजार, एकूण १ लाख १० हजार. म्हणजे धातूचा वाटा जवळपास ९१ टक्के. आता समजा ४०० रुपयांचं हाताने केलेलं पितळी कानातलं आहे आणि त्यात धातू ६० रुपयांचा. धातूचा वाटा १५ टक्के. उरलेले ८५ टक्के काम, दुकान आणि गोष्ट यांचे.

एक काळजी घ्या. बिलावरची घडणावळ म्हणजे कारागिराची मजुरी नव्हे. त्यात घट, दुकानाचा खर्च, नफा असं बरंच काही असतं. 'घडणावळ वाढली म्हणजे कारागिराचं उत्पन्न वाढलं' असं वाक्य प्रबंधात लिहिलंत तर व्हायवात अडकाल. कारागिराला नगामागे किंवा वजनामागे काय मिळतं, हे त्यालाच वेगळं विचारावं लागतं.

नावाचा भाग किती मोठा होऊ शकतो, हे जून २०२५ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा उगमाचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने भारतीय पारंपरिक चपलांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे कोल्हापूरचं नाव कायद्याने नोंदलेलं होतं, तरी तिसऱ्या भागाचे पैसे मिलानकडे वळू शकले असते. आपल्या प्रश्नाला हे प्रकरण म्हणून जोडून घेता येतं.

६. मुख्य प्रश्न : डाग मोडला की आठवण मोडते का?

सोनं मोडता येतं, हा त्याचा मोठा गुण. कापूस आला की डाग करायचा, पाऊस गेला की डाग मोडायचा किंवा गहाण टाकायचा. सातपुड्यातल्या घरांत चांदीचं तेच. मोडताना घडणावळ जाते, धातूचे पैसे मिळतात.

इटलीच्या उदाहरणांवरून बनवलेला नियम इथे लावला तर अंदाज असा निघतो : धातूचा वाटा जितका मोठा, तितका डाग मोडला जाण्याचा संभव जास्त आणि आठवणीची वस्तू म्हणून तो टिकण्याचा संभव कमी.

पण आपल्या घरांतलं बोलणं ऐका. "माझ्या मंगळसूत्रात आईच्या पाटल्यांचं सोनं आहे." पाटल्या राहिल्या नाहीत, नक्षी राहिली नाही, तरी आठवण पुढे गेली. काही जण तर आपल्यासमोर गाळून त्याच सोन्याचं घडवून द्या असा आग्रह धरतात. एरवी जुनं सोनं पेढीत जमा होतं आणि नवा डाग दुसऱ्याच सोन्याचा असतो. तरी घरात तो 'आईच्या सोन्याचा' असतो.

म्हणजे इथे आठवणीच्या दोन वाटा दिसतात. एक रूपाची : वस्तू आहे तशी ठेवायची. दुसरी धातूची : रूप बदललं तरी चालेल, 'ते सोनं' पुढे जायला हवं. पर्यटकांच्या वस्तूंवरचं संशोधन पहिल्या वाटेवर उभं आहे, कारण त्यांच्या उदाहरणांत दुसरी वाट शक्यच नव्हती. काच वितळवून कोणी आईची आठवण पुढे नेत नाही. जळगावात दोन्ही वाटा एकाच पेटीत सापडतात, म्हणून तुलना करता येते.

इथे कोपिटॉफ कामी येतात. वस्तू 'एकमेव' कधी होते हे खरेदीच्या दिवशी कळत नाही. पैशांची खरंच गरज होती, मोडायला डाग होता आणि तरी तो मोडला नाही, त्या दिवशी कळतं. म्हणून मुलाखतीत "हा दागिना तुम्हाला प्रिय आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. "शेवटची अडचण आली तेव्हा कोणता डाग मोडला, आणि कोणता ठेवला? का?" असं विचारा. पहिला प्रश्न मत मागतो. दुसरा घडलेली गोष्ट मागतो, ज्यात निवड करावी लागली होती.

आता शीर्षक पुन्हा लिहू : 'घडीव दागिन्यांतील आठवणीचे वहन : रूप आणि धातू. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील निवडक कुटुंबांच्या दागिन्यांची चरित्रे.' लांब आहे, पण "काय शोधणार?" याचं उत्तर त्यात आहे.

७. फील्डवर जायच्या आधी

एकक ठरवा. इथे एकक माणूस नाही, वस्तू आहे. २० कुटुंबांतून प्रत्येकी दोन डाग घ्या : एक ठेवलेला, एक मोडलेला. मोडलेला डाग समोर नसतो, त्यामुळे त्याचं चरित्र फक्त बोलण्यातून आणि जुन्या फोटोंतून मिळेल. लग्नाचे अल्बम इथे दस्तऐवज आहेत. जुन्या पावत्याही जपून वाचा : वजन, शुद्धता, घडणावळ, मोडीचं वजावट वजन.

चांदीचा भाग वेगळा हाताळा. चांदीचा हॉलमार्क ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीलाही एचयूआयडी आली, तीही ऐच्छिकच. त्यामुळे यात्रेत किंवा आठवडे बाजारात मोड देणाऱ्या बाईला शुद्धता सराफाच्या शब्दावर मान्य करावी लागते. सोन्याचे निष्कर्ष चांदीवर तसेच लावता येणार नाहीत.

भाषेचं भान ठेवा. घरात अहिराणी, पावरी किंवा गोरबोली चालत असेल तर दागिन्याचं नाव त्याच भाषेत लिहून घ्या. पुस्तकी मराठी नाव नंतर जोडा.

आणि नीतीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. कोणत्या घरात किती सोनं आहे ही माहिती धोक्याची आहे. गाव, आडनाव आणि वजन या तीन गोष्टी एकाच तक्त्यात येऊ देऊ नका. फोटो काढायचा तर डागाचा काढा, चेहऱ्याचा आणि घराचा नको. मोडलेल्या डागामागे अनेकदा आजारपण, कर्ज, भांडण असतं. घरातल्या सगळ्यांसमोर तो प्रश्न विचारला तर बाई गप्प राहते, किंवा नंतर तिला त्रास होतो. संमती तिचीच घ्या, एकटीची घ्या, आणि ती "हे लिहू नका" म्हणाली तर लिहू नका.

८. यातून कोणाला काय मिळेल?

पर्यटन विभाग, बचत गट, डिझाइनर सगळ्यांना खान्देशी दागिने 'ब्रँड' करायचे असतात. ते करताना आठवण रूपात असते असं धरून चाललं जातं : नक्षी जपा, टॅग लावा, विका. सातपुड्यातल्या चांदीसाठी आणि तांड्यावरच्या भरतकामासाठी हे बरोबर ठरू शकतं, कारण तिथे रूप गेलं तर हाताचं कामही जातं. चांदी वजनावर मोडीत गेली की घडणाऱ्याचं कौशल्य शून्य भावाने जातं. कांचळी कापली की तेच होतं. तिथे घडणावळीचा वाटा वाढवून तो घडवणाऱ्या हातापर्यंत पोचवणं हा खरा प्रश्न आहे.

सोन्याच्या बाबतीत मात्र लोक रूपापेक्षा धातू जपत असतील, तर 'जळगाव डिझाइन' नावाचा शिक्का मारून फारसं काही साधणार नाही. तुमचा अभ्यास हा फरक दाखवू शकला, तर कुठे काय जपायचं ते ठरवताना त्याचा उपयोग होईल.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एक काम करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला, एकटीला गाठून, परवानगी घेऊन विचारा की न मोडलेला डाग कोणता आणि का. उत्तर अर्ध्या पानात लिहा. त्यात 'रूप' किती वेळा आलं आणि 'सोनं' किती वेळा, ते मोजा. तुमच्या गृहीतकाची पहिली चाचणी तिथेच होईल. काय निघालं ते कळवा, पुढच्या लेखात अशा नोंदींचं कोडिंग कसं करायचं ते पाहू.